नंदकुमारने लपवलेली काठी

मित्रांनो, मी एक जुनी काठी आहे. रंगाने काळी, अंगावर गाठी आणि स्वभावाने जरा खवट. किलकेनीच्या एका म्हाताऱ्या आयरिश कारागिराने काटेरी झुडपाच्या लाकडातून मला घडवलं. त्याने मला सावकाश सुकवलं, तासलं, तेल पाजलं. पुढे नंदकुमारने नागपूरहून आलेल्या आपल्या वडिलांसाठी, बाळासाहेबांसाठी, मला विकत घेतलं. बाळासाहेब मला टेकत कमी आणि मिरवत जास्त. नंदकुमार राहतो त्या ल्यूकन गावच्या रस्त्यांवर भेटेल त्याला ते माझं कौतुक ऐकवत. मराठी मी त्यांच्याकडूनच शिकले. खवटपणाही तिथलाच असावा. परत जाताना, पुढच्या खेपेला लागेल म्हणून, त्यांनी मला लेकाच्या घरी ठेवलं.

पण लागले मी लेकालाच. नंदकुमार विमानतळाजवळच्या स्वोर्ड्स गावात एका प्रवासी कंपनीत कॉम्प्युटरचं काम बघायचा. मणक्याच्या दुखण्याने त्याचा डावा पाय बधिर होऊ लागला. घरात तो माझ्या आधाराने चालायचा. दाराची बेल वाजली की मात्र माझी रवानगी जिन्याखालच्या कपाटात. इकडच्या इंग्रजीप्रमाणे त्या कपाटाला या घरात सगळे ‘प्रेस’ म्हणतात. ओळखीच्या मराठी मंडळींना कळता कामा नये! झाकली मूठ सव्वा लाखाची. आत व्हॅक्यूम क्लीनरशेजारी उभी राहून मी पाहुण्यांचं हसणं ऐकायची. मला राग यायचा आणि त्याहून जास्त वाईट वाटायचं.

२०२० साली विमानं थांबली आणि नंदकुमारची नोकरी गेली. त्याची बायको उर्मिला पाळणाघरात काम करायची, तेही बंद पडलं. घरापुढे दोन वाटा होत्या. आजारामुळे काम जमत नाही असं सांगून नंदकुमारने अपंगत्वाचा भत्ता मागायचा, नाहीतर मिळेल ती कमी पगाराची नोकरी धरायची, ठरलेले तास भरायचे आणि अशा कुटुंबांच्या पगारात सरकार जी भर घालतं ती घ्यायची. त्याला दोन्ही वाटा धरता येत नव्हत्या. मी काम करू शकतो आणि मी काम करू शकत नाही, असं एकाच तोंडाने कसं म्हणणार?

पैशांत फारसा फरक नव्हता. गाडी अडत होती ती शब्दापाशी. ‘अपंग’ हा शब्द नंदकुमारच्या घशाखाली उतरेना.

“अगं, मराठी मंडळींच्या ग्रुपवर कळलं तर? एवढा इंजिनिअर आणि सरकारच्या पैशावर बसलाय म्हणतील.”

“म्हणू देत. ते येणार आहेत का तुला जिना चढवायला?” उर्मिला म्हणाली. “पाय तुझा आहे, ग्रुपचा नाही.”

अखेर त्याला पटलं. भत्त्यासाठी डॉक्टरांनी तपासून अहवाल द्यायचा होता. त्या सकाळी मी खुशीत होते. आज तरी चारचौघांत आपल्याला मान मिळेल, असं मला वाटत होतं. पण साहेबाच्या दारी जाताना टापटीप जायचं आणि रडगाणं गायचं नाही, हे नंदकुमारच्या हाडीमाशी भिनलेलं. त्याने इस्त्रीचा शर्ट घातला, बूट चकचकीत केले, मला प्रेसमध्ये ठेवलं आणि दार लावून टाकलं. सोबत त्याची मुलगी भार्गवी गेली.

ती तणतणतच परत आली. “आई, ही टोल्ड हर ही वॉज ग्रँड! वॉक्ड अप अँड डाउन फॉर हर अँड ऑल!” इकडे ‘ग्रँड’ म्हणजे ‘अगदी बरा’.

“अगं, त्यांनी ‘हाऊ आर यू’ विचारलं, तर काय रडत बसू तिथे?” असं म्हणत नंदकुमार सोफ्यावर कोसळला. दात आवळून तो डॉक्टरबाईंपुढे खोलीभर चालून आला होता. बाईंनी जे पाहिलं, जे ऐकलं, तेच लिहिलं. भत्ता नाकारला गेला.

“अपील करू. या वेळी खरं सांगू,” उर्मिला म्हणाली.

“परत माझं दुखणं दाखवत फिरू? नको.” त्याने पार्सलच्या गोदामात उभं राहून करायचं काम धरलं. नवी नोकरी लागल्याचं ग्रुपवर कळवलं, तेव्हा शाबासकीच्या वर केलेल्या अंगठ्यांचा पाऊस पडला. मला तो कामावर कधीच नेत नसे.

पुढच्या हिवाळ्यात गोदामाच्या ओल्या फरशीवर त्याचा बधिर पाय सरकला. धरायला हाताशी काहीच नव्हतं. मणक्याला जबर मार बसला आणि दोन्ही पाय गेले.

आता कुणाला काही सांगायची गरज उरली नाही. भत्ता मंजूर झाला आणि घरात चाकांची खुर्ची आली. त्या दिवशी नंदकुमारने मला मागून घेतलं, मांडीवर ठेवलं आणि माझ्या मुठीवरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, “उर्मिला, हिला दाराशी ठेव. दिसू दे सगळ्यांना.” उर्मिलाने मला दाराशी ठेवलं आणि ती तिथेच भिंतीला टेकून रडली.

मित्रांनो, माझी एकच विनवणी आहे. तुमच्या घरात, शेजारात कुणी लंगडताना दिसलं तर त्याला ‘बरा आहेस ना?’ असं विचारू नका. त्यावर माणूस हो म्हणूनच मोकळा होतो. ‘किती दुखतंय?’ असं विचारा आणि उत्तर येईपर्यंत त्याच्यापाशी बसा. नंदकुमारला कुणी हे वेळेवर विचारलं असतं, तर आम्ही दोघं अजून चालत असतो.