शेपटाचा पत्रा

राजीवला डेरेककडे नेलं कुणी? जयंत टिपणीसनेच. स्वतःच्या गाडीतून, स्वतःच्या पेट्रोलवर, वर वाटेत कॉफी पाजून. भटाला दिली ओसरी, भट हातपाय पसरी, हे त्याच्या बायकोने, आसावरीने, नंतर त्याला दहा वेळा ऐकवलं. दहाही वेळा ते त्याला झोंबलं.

डेरेक म्हणजे इंग्लंडातल्या रीडिंग शहरापासून अर्ध्या तासावर, एका शेतातल्या कोठारात जुन्या पवनचक्क्यांचे भाग गोळा करणारा म्हातारा. वीज करणाऱ्या हल्लीच्या पवनचक्क्या नव्हेत हं. शेतात पाणी उपसणाऱ्या. लोखंडी मनोऱ्यावर पात्यांचं चाक, आणि चाकाचं तोंड वाऱ्याकडे राहावं म्हणून मागे पत्र्याचं शेपूट. कुठून काही गंजलेलं आलं की ते कुणी बनवलं, कधी बनवलं हे ठरवायचं आणि कोठारातल्या जाड रजिस्टरमध्ये लिहायचं, हा दर शनिवारचा उद्योग. जयंत आठवडाभर आयटीत असला तरी मूळचा मेकॅनिकल, सांगलीच्या फाउंड्रीत चार वर्षं काढलेला. सहा वर्षांत त्याने शनिवार चुकवला नव्हता. नट चौकोनी की सहाकोनी, ओतीव लोखंडावरच्या आकड्यांतला साच्याचा कुठला नि पेटंटचा कुठला, आणि पेटंटचं साल म्हणजे वस्तूची जन्मतारीख नव्हे, हे सगळं त्याने डेरेकच्या शेजारी उभं राहून, थंडीत कुडकुडत, एकेक करून उचललं होतं.

आणि राजीव? आठ महिने झाले होते त्याला येऊन. बँकेतला माणूस, पाना धरायचा तोही चमच्यासारखा. पण जीभ गोड, नजर तीक्ष्ण. डेरेक त्याला 'माय लॅड' म्हणायला लागला. चाळीस वर्षांच्या घोड्याला कसला लॅड! जयंतला मात्र सहा वर्षांत तो कायम जयंतच म्हणत आला होता.

त्या सप्टेंबरात, म्हणजे २००६ साली, डेरेकने जाहीर केलं की ख्रिसमसच्या आत तो मुलीकडे डेव्हनला राहायला जाणार. कोठार शनिवारी जमणारी मंडळी चालवतील, पण रजिस्टर एकाच माणसाच्या हाती राहील, आणि तो माणूस जयंत किंवा राजीव असेल. ऑफिसात दोनदा बढती हुकली तेव्हा जयंतला इतकं लागलं नव्हतं. ते रजिस्टर त्याला हवं होतं. अगदी हट्टाने, लहान मुलासारखं हवं होतं.

पुढच्याच आठवड्यात एका शेतावरून शेपटाचा पत्रा आला. चार फूट लांब, वर हिरव्या रंगाचा जाड थर. सगळ्यांनी उलटसुलट करून पाहिला आणि मान हलवली. राजीवने काय करावं? पत्रा दाराशी नेला, उन्हात तिरपा धरला, वर पाणी शिंपडलं. हिरव्याखाली पुसट अक्षरांचे उंचवटे दिसले. पवनचक्की विकणाऱ्या दुकानाचं नाव असावं. नाव लागलं तर साल लागणार होतं. डेरेकने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि पत्रा त्याच्याच ताब्यात दिला. पाण्याची ही युक्ती जयंतने राजीवला शिकवली होती. गुरूची विद्या गुरूला! जयंत हसून टाळ्या वाजवत होता आणि आतून त्याचा तिळपापड होत होता.

राजीव दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायचा, त्यामुळे पत्रा जयंतच्या गराजमध्ये आला. फोनवर राजीव म्हणाला, रविवारी खंडेनवमी आहे, तू अवजारांची पूजा करतोसच, तर हाही ठेव की पूजेला. अक्षरांचं काम दसरा झाला की दोघं मिळून करू. दोघं मिळून म्हणे! नाव कुणाचं होणार होतं ते जयंतला दिसत होतं.

रविवारी सकाळी त्याने पाने, हातोड्या, ड्रिल सगळं पुसून पाटावर मांडलं. मग पत्रा घेतला. आधी ओलं फडकं, इथपर्यंत ठीक. मग फळीवरचा पेंट स्ट्रिपरचा डबा काढला. पूजेला कुणी पेंट स्ट्रिपर लावत नाही, हे त्यालाही कळत होतं. हिरवा रंग सुरकुतला, सुटला, आणि खालून लाल अक्षरं इतकी स्वच्छ वर आली की त्याचा हात थांबला. हॉब्ज अँड सन. गावाचं नाव. खाली, फोन २७.

त्याने ते दोनदा वाचलं. इथे थांबला असता तर सगळं निभावलं असतं. पण त्याला डेरेकची ती थाप आठवली, 'माय लॅड' आठवलं, आणि तो घासत सुटला. पाच मिनिटांत अक्षरंही गेली, पत्रा लख्ख झाला. आसावरीने हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली आणि पत्रा अगदी नव्यासारखा झाला म्हणून कौतुकही केलं. त्या दिवशी त्याला श्रीखंड गोड लागलं नाही.

शनिवारी कोठारात त्याने पत्र्यावरचं कापड काढलं. डेरेकने चष्मा लावला, मग काढला. जयंतचं वाक्य पाठ होतं: आमचा सण असतो, आम्ही अवजारं स्वच्छ करतो, चूक झाली. तोंड उघडणार तोच राजीव पुढे झाला. त्याने डेरेकला सांगितलं की हे आपल्यामुळे झालं, पूजेला ठेव असं आपणच सांगितलं होतं, जयंतने फक्त ऐकलं.

मग वळून मराठीत हळूच म्हणाला, "सॉरी रे. माझ्यामुळे तुला ओशाळं व्हावं लागलं."

चोराच्या मनात चांदणं. जयंतने त्याच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला, पण तिथे काहीच नव्हतं. शंकाच नव्हती बापड्याला. ती असती तर जयंतला बरं वाटलं असतं. निदान भांडता आलं असतं.

डेरेक बराच वेळ पत्र्यावरून अंगठा फिरवत राहिला. मग त्याने रजिस्टर उचलून जयंतच्या हातात दिलं. "तुझ्या मनाने केलं असतंस," तो म्हणाला, "तर तू आधी अक्षरं टिपून घेतली असतीस. मला तसाच माणूस हवा." पत्र्याची नोंद तूच कर, म्हणाला, साल अज्ञात असं लिही, पुढच्या शनिवारी मी बघेन. सोबत संदर्भाला लागणाऱ्या जुन्या फोन डिरेक्टऱ्यांचं खोकंही गाडीत ठेवून दिलं.

घरी टेबलावर जयंतने रजिस्टर उघडलं. हवं ते मिळालं होतं. पण लेखणी 'अज्ञात'वर येईना, कारण अज्ञात नव्हतंच ते. अख्ख्या जगात ती अक्षरं पूर्ण वाचलेला एकच माणूस होता. त्याने डिरेक्टऱ्या काढल्या. हॉब्ज अँड सन, फोन २७, सलग तीनच वर्षं छापलेलं होतं: १९२८ ते १९३०. त्याआधी दुकान नाही, नंतर नंबर वेगळा. इतकं नेमकं साल या रजिस्टरात क्वचितच लागलं होतं. आणि ते लिहायचं तर पुरावा या रकान्यात काय लिहिणार? पुसण्याआधी वाचलं?

आसावरी चहा ठेवून गेली. चहा गार झाला. राजीवचा तो 'सॉरी रे' काही केल्या कानातून जाईना. मेल्याने सॉरी म्हणण्यातसुद्धा आपल्यावर मात केली, असं जयंतला वाटलं, आणि त्याला स्वतःचीच शिसारी आली.

त्याने लिहायला घेतलं. वस्तू: शेपटाचा पत्रा. साल: १९२८ ते १९३०. पुरावा: रंगाखालची अक्षरं, हॉब्ज अँड सन, फोन २७. ओळख पटवली: राजीव. मग पट्टी घेऊन त्याने एक रकाना नव्याने आखला, त्यावर 'नष्ट केलं' असं लिहिलं आणि खाली आपलं पूर्ण नाव. डेरेक हे वाचणार आणि रजिस्टर परत मागणार, हे त्याला ठाऊक होतं.

फक्त राजीवचं नाव लिहिताना त्याने अक्षर थोडं बारीक काढलं होतं. तेवढं केल्यावाचून त्याच्याच्याने राहवलं नाही.