शरणम्मांची बाज

मित्रांनो, मी एक जुनी बाज आहे, किल्लारीच्या शरणम्मांची. बाभळीचे पाय, सुंभाची वीण आणि जरा करकरा स्वभाव. भूकंपानंतर ह्या नव्या घरात सगळ्यात आधी मी आले. त्यांचा तान्हा लेक शिवप्रसाद माझ्यावरच निजला, रांगला आणि दोनदा खालीही पडला.

जुन्या घराचा ढिगारा मशीनने उचलला, तेव्हा शरणम्मांच्या हाती साधी वाटीसुद्धा लागली नव्हती. त्यानंतर त्यांनी काही टाकणंच सोडलं. तेलाचे रिकामे डबे, तुटक्या चपला, लग्नपत्रिका, पिशव्यांत कोंबलेल्या पिशव्या. बघता बघता मी पार बुडाले आणि शरणम्मा जमिनीवर निजू लागल्या. गल्लीतली पोरं त्यांना भंगारआजी म्हणत. मला फार वाईट वाटे.

लातूरला नोकरी करणाऱ्या शिवप्रसादला आईची काळजी होती, लाजही वाटायची. येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, सारं गाव जेवायला शेतात जातं. तो पोटदुखीचं निमित्त करून मागे राहिला आणि टेम्पो बोलावून त्याने माझ्यावाचून सारं घर रिकामं केलं. बिचाऱ्याला वाटलं, आई खूश होईल.

शरणम्मा शेतातून आल्या आणि दारातच खाली बसल्या.

"माझं घर दुसऱ्यांदा पडलं की रे," एवढंच बोलल्या. मग त्यांनी लेकाला घरात पाऊल टाकू दिलं नाही. ढीग मात्र पहिल्याहून उंच झाला.

सून दीपमाला डॉक्टरांना भेटून आली. हा आळस नाही, आजार आहे, आणि सामान हिसकावलं की तो वाढतो, हे तिला कळलं. ती दर रविवारी येऊन दाराशी बसायची.

"आत्याबाई, ह्याला हात लावू का?"

"न्हाई."

असं ऐकलं की लगेच हात मागे. कधी शरणम्मा एखाद्या डब्याची सगळी हकिकत सांगत आणि मग म्हणत, "जाऊ दे ह्याला." कधी काहीच जात नसे. तरी दीपमाला पुढच्या रविवारी हजर. हळूहळू शरणम्मा तिच्यासोबत डॉक्टरांकडेही जाऊ लागल्या.

परवा शिवप्रसाद आला आणि नेहमीसारखा बाहेरच उभा राहिला. शरणम्मांनी माझ्या एका टोकावरच्या पिशव्या आपल्या हाताने उचलून बाजूला ठेवल्या.

"आई, बाकीचं मी उचलू?"

"तू कायबी उचलू नगंस. आत ये. बस हितं."

तो बसला. शरणम्मा त्याच्याजवळ बसल्या. माझ्या उरलेल्या भागावर अजून डबेच होते, पण मला भरून आलं.

मित्रांनो, तुमच्याही गल्लीत अशा एखाद्या शरणम्मा असतील. त्यांना नावं ठेवू नका. न विचारता त्यांच्या वस्तूंना हात लावू नका. नुसते जाऊन बसा. आत जागा नसली तर दारात बसा. त्या जागा करून देतात, फक्त वेळ लागतो.