रकाना एकोणतीस

गोजरबाईंनी पिशवीतून कागद काढला, टेबलावर पसरला आणि पंख्याच्या वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर तळहात दाबून धरला.

“हे कुणी लिवलं त्याला बोलवा,” त्या म्हणाल्या.

करुणाने संगणकावरची नजर काढली. बारामतीत स्टँडच्या मागे, खताच्या दुकानाच्या माडीवर हे दोन खोल्यांचं ऑफिस होतं. देशभरातल्या घरांची जी मोठी पाहणी झाली, तिचे बारामती आणि इंदापूर तालुक्यांतले फॉर्म इथे संगणकात भरले होते. जिना चढून यायचे ते खताचा भाव विचारणारे, चुकून आलेले. फॉर्मातलं माणूस एक दिवस समोर येऊन उभं राहील, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं.

कागद सरकारी होता. मोरगावपलीकडच्या वस्तीला पाळणाघर मंजूर करता येत नाही; कारण पाहणीनुसार वस्तीतल्या सदुसष्ट बायकांपैकी काम करणाऱ्या चारच आहेत.

“चार,” गोजरबाई म्हणाल्या. “मग बाकीच्या त्रेसष्ट काय झोपा काढत्यात?”

त्यांचा पदर धरून तीनेक वर्षांची नात उभी होती, छकुली. तिच्या घोट्याभोवती काळा पडलेला वळ होता. करुणाची नजर तिथे गेल्याचं गोजरबाईंनी पाहिलं.

“दोरीचा हाय. रानात जाताना बाजेला बांधून जातो. न्हाय बांधलं तर हिकडं चूल, तिकडं इहीर. सून हिला बांधती आन रडत खुरपायला जाती. आन हे लिवत्यात, बायका काम करत न्हाईत.”

करुणाचं डोकं तापलं. ती पिंपळीची. तिची आई, भागुबाई, जन्मभर दुसऱ्याच्या उसात वाकली होती. तिलाही कुण्या दिवट्याने असंच बिनकामाची ठरवलं असणार. गाडीतून उतरायचं, चहा प्यायचा, चौकटीत आकडा टाकायचा आणि पुढच्या घरी जायचं. असल्या लोकांना आठवडाभर उन्हात खुरपायला लावलं पाहिजे, असं तिला मनापासून वाटलं.

“बसा मावशी,” ती म्हणाली. “कुणी लिहिलं ते आत्ता काढते.”

काढायचं साधन तिनेच बनवलं होतं. पाहणीत चारशे बारा प्रश्न. प्रत्येकाचं उत्तर संगणकात कुठल्या रकान्यात बसलंय, हे शोधायला तीन जाडजूड रजिस्टरं चाळावी लागत. करुणाने सहा महिने खपून असं केलं की नुसता शब्द टाइप करायचा. प्रश्न, रकाना आणि कुठल्या आकड्याचा काय अर्थ, सगळं पडद्यावर येई. पडद्यावर मराठी अक्षरं उमटावीत म्हणून संगणकात वेगळं कार्ड बसवून घेतलं होतं. ऑफिसात त्याला नुसतं ‘शोध’ म्हणत. परवा पुण्याचे साहेब तो बघायला येणार होते, आणि तिची नोकरी पक्की व्हायची की नाही हे त्यावर ठरायचं होतं.

तिने ‘खुरपणी’ टाइप केलं. काही नाही. ‘शेळ्या’ टाइप केलं. शेळ्या किती, याला रकाना होता. त्या चारतं कोण, याला नव्हता. ‘काम’ टाइप केल्यावर रकाना एकोणतीस आला. आकडा नऊ म्हणजे काम करत नाही.

तिने मोरगावची वस्ती उघडली. नऊ. नऊ. नऊ. पडदाभर नऊ. पगाराचं पाकीट घेणाऱ्या चौघी तेवढ्या सुटल्या होत्या.

“गाढव कुठला,” ती पुटपुटली आणि ‘नोंद घेणारा’ असं टाइप केलं.

रकाना तीन. गोजरबाईंच्या घरापुढे आकडा होता चौदा. शेजारच्या घरापुढेही चौदा. वस्तीच्या शेवटच्या घरापर्यंत चौदा.

करुणाचा हात कीबोर्डवरून खाली आला. चौदा कोण, हे बघायला तिला यादी लागत नव्हती. दोन वर्षांपूर्वी, संगणक शिकायच्या आधी, ती गळ्यात त्याच आकड्याचा बिल्ला अडकवून नोंदी घेत गावोगाव फिरत होती.

दुपार होती. लिंबाखाली एक बाई चिंचा फोडत बसली होती. मागे शेळी ओरडत होती. तुम्ही काम करता का, असं करुणाने फॉर्मातलंच वाक्य वाचून विचारलं होतं. “कसलं काम? घरीच असती की,” असं म्हणताना त्या बाईचा हात थांबला नव्हता. चिंचोके बाजूला पडत होते. करुणाने ते पाहिलं होतं आणि नऊ लिहिलं होतं. मग त्याच हातची भाकरी खाऊन ती पुढच्या घरी गेली होती.

“घावला का?” गोजरबाईंनी विचारलं.

“घावली,” करुणा म्हणाली. “मीच आहे ती.”

गोजरबाई दचकल्या नाहीत.

“ठावं हाय. तवा तुझी वेणी लांब व्हती. जिना चढल्या चढल्या वळखलं.”

“मग तेव्हाच का नाही बोललात?”

“तू बोलतीस का, ते बघत व्हते.”

आवाज ऐकून आतल्या खोलीतून ऑफिसचे प्रमुख विजयसिंह आले. त्यांनी कागद वाचला, पडदा पाहिला, आणि करुणाला खिडकीपाशी बोलावून घेतलं.

“आकडे पुण्याला गेलेत. आता काही बदलत नाही. त्यांना म्हणावं, वर अर्ज करा.”

“सर, अर्जाला पुन्हा आपलेच आकडे लावून उत्तर येणार.”

“मग काय करायचं म्हणतेस? परवा साहेब येतायत. चूक माझी, असं लेखी दिलंस तर तुला पक्कं कोण करेल? नीट विचार कर.”

ते वाईट माणूस नव्हते. तिची कळकळच होती त्यांना, आणि त्याचाच तिला जास्त संताप आला. सहा महिने तिनेही विचारच केला होता, शब्द कुठल्या रकान्यात बसतो याचा. रकान्यात न बसलेल्या बाईचा एक दिवससुद्धा केला नव्हता.

तिने कोरा कागद घेतला. ‘नोंद घेणारी क्रमांक चौदा, म्हणजे मी, हिने या वस्तीतील त्रेसष्ट स्त्रियांची नोंद चुकीची केली आहे.’ पेन इतकं दाबलं गेलं की अक्षरं खालच्या कागदावर उमटली. विजयसिंह आत गेले.

“मीच म्हणलं व्हतं, घरीच असती म्हणून. ते बी लिव,” गोजरबाई म्हणाल्या.

“ते नाही लिहिणार. आता पहाटेपासूनचं सांगा. काय काय केलं, एकेक.”

गोजरबाई सांगत गेल्या. शेण, पाणी, शेळ्यांच्या धारा, भाकरी, बाजरीची खुरपणी, सरपण. कागद भरला, दुसरा घेतला. छकुली टेबलाखाली बसून स्वतःच्या घोट्याशी खेळत होती. शेवटी करुणाने सही केली आणि शाईचा पॅड पुढे सरकवला.

अंगठा उठवून झाल्यावर गोजरबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं.

“तुझी नोकरी जाईल न्हवं यानं?”

“जाईल बहुतेक.”

“मग काय,” छकुलीला कडेवर घेत त्या म्हणाल्या, “घरीच असशील.”