तन्वीचं गाऱ्हाणं

मित्रांनो, मी एक जुनी गिटार आहे. जुनी म्हटलं म्हणून नाक मुरडू नका हां! गोव्यातल्या एका कारागिराने मला फणसाच्या लाकडातून घडवलं आणि कट्टा गावच्या धनेशकाकांनी हौसेने घरी आणलं. त्यांना धड एकच गाणं यायचं, पण लग्नघरी ते इतक्या थाटात वाजवायचे की वऱ्हाडी नवरदेवाला सोडून माझ्याभोवती जमायचे. काय तोरा होता माझा तेव्हा!

पुढे काकांची बोटं दुखू लागली आणि माझी रवानगी पोटमाळ्यावर झाली. शेजारी आमसुलांचं पोतं. दमट हवेने तारा गंजल्या, झुरळांनी माझ्या पोटात संसार थाटला. फार वाईट वाटायचं हो.

मग गेल्या वर्षी काकांची पुतणी तन्वी मुंबईहून आली. ती लेखिका. नोकरी सांभाळून दिवाळी अंकांत लोकांच्या सुखदुःखाच्या कथा लिहायची. "आता घरसूनच काम करूचा आसा," असं तिने याच घरात राहणाऱ्या आईला, सुगंधाबाईंना, सांगितलं. तिने मला खाली काढलं, पुसलं, नव्या तारा चढवल्या. एक तार कमी पडली, तर बाईसाहेबांनी मासे गरवायचा नायलॉनचा दोरा, म्हणजे तंगूस, ओढून बसवला! तरीही मी वाजले. तन्वी कथा सोडून गाणी लिहू लागली. कधी हळुवार, कधी रॉकवाल्यांसारखी दणकून. त्यांत दुसरं कुणी नसायचं, ती स्वतःच असायची. तिने नोकरी सोडली आहे आणि आईला सांगायची हिंमत होत नाही, हे मला त्या गाण्यांतूनच कळलं.

नवरात्रात देवळाच्या मांडवात गावच्या कलाकारांचा कार्यक्रम होता. "आज आयेक सगळा सांगतलंय," ती माझ्या कानाशी पुटपुटली. आई पहिल्याच रांगेत बसली होती.

आईच्या बाजूला होते धोंडूआजो. गावाचं गाऱ्हाणं देवापुढे तेच घालतात आणि त्यांच्या दर वाक्याला सगळे "व्हय म्हाराजा" म्हणतात. तन्वीने डोळे मिटून सुरुवात केली, "मुंबयत माका करमणा नाय..." आजोंना वाटलं, पोर गाऱ्हाणंच घालते आहे. त्यांनी हात जोडले आणि खड्या आवाजात म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

तन्वी दचकली. पण गात राहिली. "सगळ्यांच्यो गजाली लिवलंय, माझी लिवूक भियालंय..."

"व्हय म्हाराजा!" आता अख्खा मांडव ओरडला. अहो, मला तर भरतीच आली! तन्वीने माझ्यावर असा हात मारला की तंगूससुद्धा गरजला.

"आये, नोकरी सोडलंय, तुका खोटा सांगलंय..."

आजोंचे जोडलेले हात खाली आले. सगळे सुगंधाबाईंकडे बघू लागले. त्यांनी पदराने डोळे पुसले, हात जोडले आणि एकट्याच म्हणाल्या, "व्हय म्हाराजा!"

मग कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "माका कळला नाय काय गो? हपिसाचा काम करणारी बाय दिवसभर गिटार वाजयत बसता? आता रडा नको. दुसरा गाणा म्हण!"

मित्रांनो, तुमच्याही माळ्यावर एखादी पेटी, ढोलकी किंवा माझी एखादी बहीण धूळ खात पडली असेल. आजच तिला खाली काढा, पुसा, वाजवा. सूर चुकला तरी चालेल. घरातलं कुणीतरी तुमचं म्हणणं ऐकायची कधीपासून वाट बघत असतं.