लोसेने दिवा पाहिला

आमची आई वारली त्याच्या सहाव्या महिन्यात माझ्या भावाला, कितिओनेला, मुलगी झाली. ते २००९ साल. नाव मी ठेवलं, लोसे. आम्हा टोंगन लोकांत भावाच्या लेकरावर आत्याचा शब्द शेवटचा.

लोसे सात महिन्यांची असताना एका रविवारी चर्चच्या हॉलमध्ये उभं राहायला जागा नव्हती. खिडक्यांवर चटया टांगून अंधार केलेला. मध्यभागी ऑकलंडहून आलेला, आंधळ्यांना डोळे देणारा माकोनी. पायात पांढरे बूट.

"कुणी खोकू नका! प्रकाश लाजाळू असतो."

त्याने पेटता कंदील लोसेच्या डाव्या गालाजवळ नेला. जन्मापासून नुसते भिरभिरणारे डोळे तिचे. पण मान डावीकडे वळली. उजवीकडे नेला, उजवीकडे वळली. लोक रडू लागले. मीही.

राजधानीतल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, डोळ्यांच्या नसा दोऱ्याएवढ्या बारीक, मेंदूचा एक भाग घडलेलाच नाही. आजाराला तोंड द्यायला शरीरात जो रस लागतो तोही तयार होत नाही. त्या रसाऐवजी दिलेली गोळी एक दिवसही चुकवू नका.

"गोळ्यांचा धूर बसलाय डोळ्यांवर," माकोनी म्हणाला. "टाका समुद्रात!"

"वन्सं, नका हो," भावजय लूपे माझ्या पायाशी बसली.

"मुलगी तुझी, शब्द माझा," मी म्हणाले आणि गोळ्या टाकल्या.

मंगळवारी ताप, उलट्या. लूपेच्या निरोपावरून बुधवारी सकाळी शेजारच्या बेटावरची नर्स तौफा आली.

"मावशी, हिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायचं."

"कशाला? दिसतंय आता तिला. आजार बाहेर पडतोय, माकोनीने सांगितलंय."

माझ्या होकाराशिवाय कितिओने होडीला हात लावेना.

तौफाने लोसेच्या डोळ्यांसमोर टॉर्च लावला. मान हलली नाही. मग जमिनीतल्या चुलीतला तापलेला दगड केळीच्या पानात गुंडाळून तिने गालाजवळ आणला. काळा दगड, त्याला कसला उजेड? लोसेने ग्लानीतही तिकडे मान वळवली.

"दगड पाहिला का हिने, मावशी? ऊब लागली. त्या दिवशी कंदिलाची लागली होती."

"माकोनीला बोलवा रे," मी म्हणाले.

"तो सोमवारीच गेला," दारातून कुणीतरी बोललं. "आपण दिलेली दोन डुकरं घेऊन. त्यांना तरी दिसत असेल."

"न्या हिला," मी म्हणाले.

चमत्कार पाहाल तेव्हा रडण्याआधी तो दुसऱ्या कशाने होतो का, ते करून बघा. आणि डॉक्टरांची गोळी बंद करायचा हक्क कुठल्याच आत्याला नाही.

लोसे होडीतच गेली. बुधवार, १९ मे २०१०, दुपारी तीन वाजता.