दारोगाची खोली

"पाडव्याला काम संपत न्हाई, दारोगासाब. पायजे तर लिहून घ्या," धुळाजी पाथरवट म्हणाला आणि त्याने छिन्नी-हातोडा खाली ठेवला. वाद घालायला त्याला दोन्ही हात मोकळे लागत.

"कावून न्हाई?" मैनुद्दीन दारोगाने विचारलं.

"कावून म्हंजी? चुना कच्चा हाय. चुन्याची घाणी वढायचा बैल लंगडतोय. सुतार रहाटाचं लाकूड बघाया गेलता, त्यो तिकडं सासुरवाडीलाच चिकटलाय."

"बैल उद्या बदलून येतोय, शिरूरला सांगून ठेवलंय. सुतार दुपारच्याला हजर व्हईल. त्याच्या सासऱ्याला निरोप धाडलाय, जावयाला आता वाढू नका म्हून. आन् चुना कच्चा हाय तर असू दे. तुझी कठड्याची पाळी यायला अजून पाच दिस हायत. तवर पिकतोय त्यो."

धुळाजीने छिन्नी उचलली. या माणसाशी भांडण्यात काही मजा नव्हती. आपण मोठ्या हौसेने अडचण घेऊन जावं, तर त्याने ती आधीच कुठेतरी निम्मी सोडवून ठेवलेली असायची.

होळीला चार दिवस उरले होते. शिरूर कासारच्या वरच्या माळावर एका वाडीत बारव बांधायचं काम चाललं होतं, ते अखेरीला आलं होतं. पाणी चांगलं कमरभर लागलं होतं, पायऱ्या बसल्या होत्या, आता राहिला होता रहाट आणि वरचा कठडा. वाडीच्या बायका अजून सिंदफणेच्या वाळूत झिरे उकरून पाणी आणत. त्यांच्यातली भिवराबाई रोज सकाळी डोक्यावर घागर घेऊन जाता जाता थांबे आणि विचारी, "कवा व्हनार रं बाबा?" दारोगा म्हणे, "पाडव्याला, मावशी." वर्षभर त्याने दुसरं उत्तर दिलं नव्हतं.

तामीरात, म्हणजे सरकारी बांधकाम खात्यात मैनुद्दीनला दारोगा होऊन सत्तावीस वर्षं झाली होती. त्याला ना दगड घडवता येई, ना चुना मळता येई, ना सुरुंग भरता येई. मग हा बाबा करतो काय, असं नवे गडी एकमेकांना विचारत. करत होता ते एवढंच, की कोणाच्या मागून कोण यायचं हे तो ठरवी. माती काढणारे उठले की दुसऱ्या दिवशी सुरुंगवाले हजर पाहिजेत, कातळ फुटला की पाथरवट, पाथरवटाचा हात चालू झाला की चुन्याची घाणी. एक जण आठ दिवस लवकर आला तर बसून खातो, आणि आठ दिवस उशिरा आला तर बाकीच्या चाळीस जणांना बसवून ठेवतो. कोणाचा देव कधी उठतो, कोणाची जत्रा नारायणगडाला, कोणाच्या बायकोचे दिवस भरत आलेत, सगळं त्याच्या डोक्यात असे. डोक्यात मावेना तेव्हा तो खोलीच्या भिंतीवर कोळशाने रेघा ओढी. एकेका टोळीची एकेक आडवी रेघ, आणि सगळ्यांच्या शेवटी एक उभी. ती उभी रेघ म्हणजे पाडवा.

ही खोलीसुद्धा एक गंमतच होती. कठड्याचे दगड घडून तयार होतात आधी आणि लागतात सगळ्यांत शेवटी. तोवर ते नुसते पडून राहिले, तर कोणाच्या उंबऱ्याला आणि कोणाच्या धुण्याला जातील याचा भरवसा नसतो. गावात चोर नसले तरी दगडाची गरज सगळ्यांनाच असते. म्हणून दारोगाने ते दगड चुन्यावाचून एकावर एक रचायचे, वर पाचट टाकायचं आणि आत आपण राहायचं. दगडांची राखण होते आणि दारोगाला छप्पर मिळतं. काम संपत आलं की खोली उतरवायची आणि तिचा कठडा करायचा. अशा एकोणीस खोल्यांत मैनुद्दीन राहिला होता आणि एकोणीसही त्याने आपल्या हाताने मोडल्या होत्या. बारवा होत्या, पूल होते, सराया होत्या. त्याचं घर मात्र कुठेच राहिलं नव्हतं.

घर होतं ते बीडला, बहिणीचं. अकबरी विधवा होती, आणि मैनुद्दीनची बायको गेल्यापासून सलिमाला तिनेच वाढवलं होतं. सलिमा जन्मली तेव्हा तो एका रस्त्याखालच्या मोरीच्या पायाच्या खड्ड्यात उभा होता. तिची आई गेली ते त्याला तिसऱ्या दिवशी कळलं. पोरगी त्याला भेटायची ती दोन कामांच्या मधल्या फटीत, चार दिवस, आठ दिवस. दारात पाऊल टाकलं की ती आधी विचारायची, "किती दिवस?" मोठी झाल्यावर तिने विचारणं सोडून दिलं. ते त्याला जास्त लागलं.

म्हणून गेल्या पाडव्याला या बारवेचा हुकूम हातात पडला, तेव्हा त्याने पहिल्यांदा घरचं काम सरकारी कामाशी जोडून घेतलं. सलिमाचं ठरलं होतं. मुलगा हैदराबादेत छापखान्यात होता. दारोगा बहिणीला म्हणाला, "पुढच्या पाडव्याला बारव पुरी करतो. पाडव्याचा चांद म्हंजी रज्जबचा चांद. दहा रज्जबला निकाह ठेव. मी त्याच्या आधी चार दिस येऊन बसतो. बोलावणं धाडू नका, माणूस पाठवू नका. मी येतो म्हंजी येतो." सलिमा चुलीपाशी होती. ती वळून हसली. बापाच्या तारखा कधी चुकत नाहीत, ते तिला ठाऊक होतं. चुकायचा तो बापच.

आणि देवाने त्याला हातसुद्धा दिला. श्रावणात धोंड्याचा, म्हणजे अधिकाचा महिना आला. वाणाचे धोंडे खायला निम्मे गडी सासुरवाडीला पळाले खरे, पण त्यामुळे पाडवा महिनाभर पुढे गेला. आषाढात कोसळलेली उत्तरेची बाजू त्या महिन्यात पुन्हा उभी राहिली. "अल्लानं एक महिना फुकट दिला," असं तो त्या वेळी चारचौघांत म्हणाला होता.

कचेरीने पाडव्यापासून पंधरा दिवसांची रजा मंजूर केली होती. खाटेखाली एक पाटा-वरवंटा गुंडाळून ठेवला होता. खोलीच्या दगडांतलाच एक काळाभोर, बिनशिरेचा दगड धुळाजीने त्यासाठी निवडला होता. टाकी इतकी बारीक, इतकी एकसारखी लावली होती, की त्यावरून हात फिरवावासा वाटे. "लेकीच्या संसाराला बापाचा दगूड," धुळाजी म्हणाला होता. "तिची नातसून वाटील ह्याच्यावर." त्या दगडाच्या बदल्यात खाणीवरून एक जास्तीचा आणायचा, ही रेघही भिंतीवर ओढलेली होती.

धुळवडीच्या दिवशी सकाळी जमील गाडीवान बीडहून रहाटाचं लोखंडी सामान घेऊन आला. गडी रंगात होते, घाणीच्या बैलाचीही शिंगं लाल झाली होती. जमील गाडीतून उतरला तो थेट दारोगापाशी आला, गळ्यात पडला आणि त्याने एक रुमालाची पुरचुंडी त्याच्या हातावर ठेवली. आत खारका होत्या आणि खडीसाखर.

"मुबारक, दारोगासाब."

"कुणाचा निकाह?" मैनुद्दीनने हसत विचारलं.

जमील त्याच्याकडे बघतच राहिला. "कुणाचा म्हंजी? सलिमाचा. दहा रज्जबला झाला की."

"रज्जब लागायचाय अजून. पाडव्याला लागंल."

"आज पंधरा रज्जब हाय, दारोगासाब," जमील हळूच म्हणाला.

मैनुद्दीनने डाव्या हाताची बोटं धरली. गेल्या पाडव्याला रज्जब. वैशाखाला शाबान, जेठाला रमजान. एकेका पेरावर एकेक महिना बसत गेला. श्रावणावर अंगठा आला आणि तिथेच थांबला. श्रावण दोनदा मोजायचा होता. हिंदूंच्या वर्षात तेरा महिने झाले होते. त्याच्या वर्षात बाराच व्हायचे होते. तीन वर्षं ओळीने पाडव्याचा चांद आणि रज्जबचा चांद एकच निघाला, म्हणून तो जन्मभर एकच निघणार असं तो धरून चालला होता. कामासाठी त्याने धोंडा मोजला होता, दिवसागणिक मोजला होता. घरासाठी मोजायचं त्याच्या मनातही आलं नव्हतं. फुकट मिळालेला महिना कोणाच्या ताटातून आला ते त्याला आता कळलं.

"थांबले न्हाईत?" त्याने विचारलं.

"थांबले ना. काझीसाब असरच्या नमाजापर्यंत बसून होते. अकबरीआपा म्हणत होती, येतोच, माझा भाऊ तारीख चुकायचा न्हाई. दोन येळा वेशीपर्यंत माणूस बघून आला. मग पोराकडली माणसं कुरकुर करायला लागली. सलिमाच्या मामूंनी तुमच्या जागी वकील म्हून बसून उरकलं." जमीलने डोक्यावरचा रुमाल काढून पुन्हा बांधला. "परवा गेली ती हैदराबादला."

"काय बोलली?"

"जाताना गाडीपाशी मला बोलावलं. म्हणाली, अब्बा कू बोलना, अब जल्दी नक्को करो. काम आराम से होन देव."

धुळाजी रंगाचे हात तसेच धरून जवळ येऊन उभा होता. त्याला सगळं ऐकू आलं होतं. "धोंडा," तो पुटपुटला. "आमी बी कुणी बोललो न्हाई, दारोगासाब. आमाला काय ठावं तुमचा महिना वाढत न्हाई म्हून."

सत्तावीस वर्षांत चाळीस चाळीस माणसं मैनुद्दीनने वेळेवर उभी केली होती. एकदा, एकाच दिवशी त्याला स्वतःला एका जागी उभं करायचं होतं, आणि ते त्याला जमलं नव्हतं. त्याच दिवशी, दहा रज्जबला, आपण इथे लंगड्या बैलाची व्यवस्था लावत होतो, हे त्याला आठवलं.

मग त्याने पुरचुंडी सोडली आणि एकेक खारीक गड्यांच्या लाल-हिरव्या तळव्यांवर ठेवत गेला. "माझ्या पोरीचा निकाह झाला," तो प्रत्येकाला सांगत होता. "तोंड गोड करा." गडी आनंदले, दोघांनी हलगी धरली. सगळ्यांना पुरवून झाल्यावर रुमालात खडीसाखरेचा चुरा उरला. तो त्याने तोंडात टाकला आणि विचारलं, "धुळाजी, चुना पिकला का रं?"

"पिकला जी."

"मग उद्यापासून खोली उतरवू."

त्यानंतरचे दिवस कामाचे गेले. खोली रोज हातभर खाली येत गेली आणि कठडा तेवढाच वर चढत गेला. कोळशाच्या रेघा असलेले दगड जसे हाती येतील तसे लागले. माती काढणाऱ्यांची रेघ पूर्वेला गेली, सुतारांची उत्तरेला, पाडव्याच्या उभ्या रेघेचे तुकडे कुठे कुठे गेले ते त्याने पाहिलंही नाही. भिंती गेल्यावर तो उघड्यावर खाट टाकून राहिला. गडी हाक मारत, आमच्या पालात या म्हणत. तो म्हणे, "येतो, येतो," आणि एकटाच चूल पेटवून भाकरी टाकी.

पाडव्याला सकाळी वाडीने गुढ्या उभारल्या आणि बायका घागरी घेऊन बारवेपाशी आल्या. रहाट बसला होता. कठडा सगळा पुरा झाला होता, फक्त पायऱ्यांच्या तोंडाशी, वरच्या थरात, एका दगडाची खाच रिकामी होती.

"एक कमी पडतोय," धुळाजी खाली बघत म्हणाला. कोणता ते दोघांनाही ठाऊक होतं. खाणीवरून बदली दगड आणायची रेघ होती, पण धुळवडीनंतर दारोगा ती विसरला होता. "म्या जातो. दोन दिसांत घडवून आणतो."

मैनुद्दीन खाटेपाशी गेला. पोतं सोडून त्याने पाटा काढला, पोटाशी धरून आणला आणि कठड्यावर ठेवला.

"न्हाई जी," धुळाजीने हात मागे घेतले. "लेकीचा हाय त्यो. म्या न्हाई बसवायचा. जमील घिऊन जाईल, अकबरीबाईकडं ठिवील, कवातरी पोचंल."

"बापानं हातानं द्यायचा व्हता," मैनुद्दीन म्हणाला. "कवातरी पोचवायचा नव्हता."

धुळाजी हलला नाही. मग दारोगा स्वतः गुडघ्यावर बसला. जन्मात त्याने थापी धरली नव्हती. चुना त्याने वेडावाकडा पसरला, पाटा त्यावर टेकवला, वरवंट्याने चारही कोपरे ठोकले. थोडा चुना बाहेर आला तो बोटाने पुसून काढला. धुळाजीने न राहवून दोरी धरली आणि बघितलं. पाटा एका अंगाला सूतभर कलला होता. त्याने दोरी गुंडाळून ठेवली.

पहिलं पाणी वाडीने भिवराबाईला काढायला लावलं. म्हातारी भरली घागर घेऊन पायऱ्या चढून वर आली, आणि चुंबळ नीट करण्यासाठी तिने घागर समोरच्या दगडावर टेकवली. मग तिची बोटं दगडावर थांबली. टाकी तिला लगेच ओळखू आली.

"आगं बया! हितं कठड्याला पाटा कुणी लावला रं? कोरा हाय की. कावून वाया घालवला?"

धुळाजीने मान फिरवली.

"घागर सरकू ने म्हून, मावशी," दारोगा म्हणाला.

"व्हय रं, सरकत न्हाई," म्हातारी घागर हलवून बघत म्हणाली. तिला ते फार पसंत पडलं.

मैनुद्दीनची वळकटी आणि खाट गाडीत आधीच पडली होती. वरवंटा त्याने वळकटीत खुपसला. जमीलने बैल जुंपले आणि बीडच्या वाटेला तोंड केलं. "रजा हाय ना पंधरा दिसांची?"

"उमापूरला घे," दारोगा म्हणाला. "तितं पुलाचं काम निघालंय. दगूड आधी बघून ठिवतो."

गाडी वळली. खोली होती तिथे जमिनीचा एक चौकोन पांढुरका पडला होता आणि त्यात चुलीचे तीन धोंडे तेवढे राहिले होते. भिवराबाईने घागर डोक्यावर घेतली. पाट्यावर घागरीच्या बुडाचं ओलं वर्तुळ उमटलं होतं, ते उन्हाने कडेकडेने वाळायला लागलं. ते पुरतं वाळायच्या आत दुसऱ्या बाईने तिथे आपली घागर ठेवली.