पिशवी रिकामी परत जाऊ नये

मी बोलतेय ती दारामागच्या खुंटीवरून. निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची, दोन बंदांची, एका कोपऱ्यात खाऱ्या पाण्याचा डाग असलेली पिशवी. पिशवीने स्वतःबद्दल फार बोलू नये, आपल्यात काय आहे ते बोलावं, असं मला वाटत आलंय. पण सध्या माझ्यात एका रिकाम्या बरणीशिवाय काही नाही. मग दुसरं काय बोलणार?

माझा जन्म सरहद्दीजवळच्या कोर्चा शहरातला. पोलिक्सेनीच्या लग्नाच्या गादीला खोळ शिवल्यावर जो तुकडा उरला, ती मी. पोलिक्सेनी विणकामाच्या कारखान्यात होती, हात पक्का. माझ्या बंदांना तिने दुहेरी शिवण घातली, ती आजवर उसवली नाही. त्या काळी कोटाच्या खिशात पिशवी असल्याशिवाय कुणी घराबाहेर पडत नसे. कुठे रांग दिसली की आधी उभं राहायचं, मग पुढच्याला विचारायचं, काय आलंय म्हणून. मी बटाटे वाहिले, कोळसा वाहिला. एकदा तर तापाने फणफणलेल्या तिच्या तान्ह्या लेकाचे, थिमीचे कपडे आणि दुधाची बाटली घेऊन बर्फातून दवाखान्यात गेले. तो आता टक्कल पडलेला मोठा माणूस आहे.

मग सरहद्दी उघडल्या आणि प्लास्टिक आलं. सुरुवातीला त्या पिशव्यांचा मान काय सांगावा. धुऊन, चिमटा लावून बाल्कनीत वाळत घालायच्या, घडी करून ठेवायच्या. पुढे त्या इतक्या झाल्या की खण बंद होईना. त्या खणाच्या तळाशी मी. मला त्यांचा राग यायचा हे खरं, पण एक गुण त्यांचा मान्य करायला हवा. त्यांनी कधी कुणाला मिंधं केलं नाही. शेजारणीला चार अंडी द्यायची, घातली पिशवीत, दिली, विषय संपला. पिशवी परत करायची असते हे लोक विसरूनच गेले होते.

आणि एक दिवस सरकारने त्यांच्यावर बंदी घातली.

पहिले काही आठवडे खाली इलोच्या दुकानात रोज तमाशा. एक जण टोपी काढून तिच्यात अंडी घेऊन गेला. खारं चीज पूर्वी पाण्यासकट पिशवीत गाठ मारून मिळायचं, आता डबा घरून आणायचा. आणि डबा आठवायचा तो दुकानात पाय ठेवल्यावर. लोक कपाळावर हात मारून परत जिने चढत. इलो गल्ल्यामागून म्हणायचा, "बंदी पिशवीवर आहे, हातांवर नाही. देवाने दोन दिलेत, भरा." त्याच्याकडे जाड पिशव्या विकत मिळायच्या. पण पोलिक्सेनी म्हणे, मी चीजचे पैसे देईन, चीजच्या कपड्यांचे नाही. तिने खण उपसून मला बाहेर काढलं, धुतलं, उन्हात घातलं. इतक्या वर्षांनी कुणीतरी माझ्या बंदांत हात घातला. मी किती सुखावले ते सांगत बसत नाही. पुढचं ऐकल्यावर ते सुख कुणाला आठवणारही नाही.

तिच्या खालच्या मजल्यावर योनिदा राहायची. उत्तरेकडून लग्न होऊन आलेली, शिकलेली, शाळेत भूगोल शिकवायची. आता बाळासाठी घरी. नवरा आर्दी जर्मनीत ट्रक चालवतो. तिच्याशी दिवसभर बोलणारी माणसं दोनच: एक बाळ इरी, ज्याला अजून बोलता येत नव्हतं, आणि दुसरी पोलिक्सेनी, जिला थांबता येत नव्हतं. दुपारची कॉफी दोघींची एकत्र. ती तासाभराची कॉफी नसती तर योनिदा दिवसभर बाळाचा श्वास मोजत बसली असती. बाळ झोपलं की ते फार झोपतंय याची काळजी, जागं झालं की झोप पुरली नाही याची.

त्या दिवशी ती इरीला कडेवर घेऊन इलोकडून येत होती. हातात कागदी पिशवी. दह्याचं भांडं पाझरलं, कागद भिजला आणि जिन्यात तळ सुटला. बटाटे खालच्या दारापर्यंत गडगडत गेले. इरी रडायला लागला, आणि त्याला रडताना पाहून तीही. पोलिक्सेनी खाली उतरत होती, मला हातात घेऊन. तिने एकेक पायरी धरत बटाटे वेचले, माझ्यात भरले आणि बंद योनिदाच्या मनगटात अडकवले.

"घे पोरी. सावकाश दे."

एवढंच. पण आमच्याकडे शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत जात नाही. ताट आलं तर ताटातून काहीतरी जातं, टोपली आली तर टोपलीतून. आता पिशवी हे भांडं की नाही? पूर्वी हा प्रश्नच नव्हता, आता बंदीने तो घराघरात आणून ठेवला. योनिदाने सासूला फोन केला. सासू म्हणाली, "घडी घालून रिकामी देणार होतीस? तुला वाढवलं कुणी?"

झालं. योनिदाने मला धुतलं, इस्त्री केली, स्वयंपाकघरात उघडणाऱ्या बाहेरच्या दारामागे खुंटीला टांगलं, आणि लाकरोर करायला घेतला. पातळ पोळ्यांमध्ये पातीचा कांदा भरून भाजायचं, या शहराचं पक्वान्न. आणि पोलिक्सेनीसारखी पोळी सबंध इमारतीत कुणाला लाटता येत नाही. तिलाच तो करून न्यायचा म्हणजे सुताराला चमचा घडवून देण्यासारखं. पहिला करपला, कारण मध्येच इरी उठला. दुसऱ्याची पोळी फाटली. मला वाटलं, फाटका तर फाटका, ने आता. योनिदाने तो उभ्या उभ्या स्वतःच खाल्ला, अर्धा रडत. मग इरीला ताप आला. तो उतरला तोवर इतके दिवस झाले होते की नुसत्या लाकरोरने भागेल असं तिला वाटेना. सोबत मुरंबा हवा. मुरंबा पातळ झाला. जितका उशीर, तितकी पिशवी जड हवी. आणि जितकी जड हवी, तितका आणखी उशीर. मी खुंटीवरून बघत होते. तिला समजवायला मला तोंड नव्हतं, नुसतं तोंडासारखं भोक होतं.

रिकाम्या हाती वर कसं जायचं, म्हणून कॉफी बंद झाली. मग ती पोलिक्सेनीच्या झोपेची वेळ साधून दुकानात जाऊ लागली. बाहेर पडण्याआधी दाराला कान लावायची. शिकलेली बाई, नकाशावर जग दाखवणारी, आणि एक जिना ओलांडायला घाबरायची.

एका सकाळी दार वाजलं. "योनिदा? आहेस का गं?" योनिदा इरीचं तोंड खांद्याशी दाबून भिंतीला टेकून उभी राहिली. श्वासही घेईना. बाहेरची पावलं जरा घुटमळली, मग एकेक पायरी वर गेली. दार उघडलं तर उंबऱ्यावर झाकलेलं ताट. मेलेल्यांच्या नावाने वाटतात ते उकडलेले गोड गहू, वर साखर आणि अक्रोड. योनिदाने ते आत ओढून घेतलं. आता ताटही परत करायचं होतं. ते ताट धुऊन माझ्या खालच्या फळीवर आलं आणि आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो.

पोलिक्सेनीने मला मागितलं का नाही? दिलेलं मागायचं नसतं, हा त्याच रीतीचा दुसरा अर्धा भाग. पण तिने दुसरी पिशवीही घेतली नाही. हे मला आता कळलंय, कारण आता ती स्वतःशी मोठ्याने बोलते. तिचं म्हणणं, नवी शिवली असती तर त्या पोरीला वाटलं असतं की म्हातारीने आशा सोडली. म्हणून ती वाट बघत राहिली आणि सामान पदरात आणत राहिली. पदर म्हणजे तिचा लोकरी अंगरखा. त्याची टोकं धरून ती त्यात बटाटे न्यायची, पातीचे कांदे काखेत. इलो आधी हसला. "काय मावशी, कापणीला निघालात?" मग तो हसायचा थांबला. एकटी बाई, वय झालेलं, अंगरख्यात चीज घेऊन चालते, अंगभर खारं पाणी. पिशवी कुठे गेली विचारलं तर म्हणते, येईल, तिची ती येईल.

माणूस वाईट नव्हता. त्याने काळजीपोटी सरहद्दीपलीकडे, थेसालोनिकीला राहणाऱ्या थिमीला फोन केला.

थिमी आला तो गाडी घेऊनच. जिन्यात त्याला आई भेटली, अंगरख्यात कांदे घेऊन. योनिदा दारामागे होती, मी तिच्या डोक्यावर. आम्ही सगळं ऐकलं.

"आई, हे काय आहे?"

"कांदे आहेत."

"पिशवी कुठंय तुझी?"

पोलिक्सेनीने अंगरख्याची टोकं घट्ट धरली. खालच्या मजल्यावरच्या पोरीचं नाव घेतलं असतं तर ते मागितल्यासारखं झालं असतं.

"दुकानातून घ्यायची ना एखादी," थिमी म्हणाला. "लोक मला फोन करतात, आई. तुझं भान सुटलंय म्हणतात."

"पिशवी येणार आहे," ती म्हणाली. त्याने जे ठरवायचं ते तिथेच ठरवलं.

योनिदाला तेव्हा दार उघडता आलं असतं. तिचा हात कडीवर होता, मी पाहिला. पण उघडून काय देणार होती? त्या दिवशी तिच्याकडे काहीच नव्हतं.

दोन दिवस वर सामान बांधल्याचे आवाज येत राहिले. शेवटच्या पहाटे योनिदाने पुन्हा पोळ्या लाटल्या, आणि काय सांगू, लाकरोर असा उतरला की पोलिक्सेनीनेही वाखाणला असता. तिने तो त्या ताटात ठेवला, मुरंब्याची बरणी घेतली, सगळं माझ्यात भरलं आणि इरीला काखेत मारून धावत सुटली. वर कुलूप होतं. खाली गाडी सुरू झाली होती.

ती तशीच खाली धावली आणि गाडीच्या खिडकीतून तिने मला आत दिलं. पोलिक्सेनीने मला मांडीवर घेतलं, माझे बंद चाचपले, आत पाहिलं. वाफ अजून येत होती. बराच वेळ तिला समजेना. मग समजलं.

"यासाठी होय गं?" ती म्हणाली. "मला रिकामी चालली असती."

 थिमीने सांगितलं, सरहद्दीवर गर्दी होईल, निघायला हवं. गाडी वळली तेव्हा ती रस्त्यात उभी होती आणि इरी हात हलवत होता. त्याला नुकतंच ते जमायला लागलं होतं.

आता मी थेसालोनिकीत, थिमीच्या घरी. इथे सामान गाडीतून येतं, सून आणते, जागच्या जागी लावते. ती चांगली आहे. रोज सकाळी पोलिक्सेनी कोट घालते, मला खुंटीवरून काढते आणि विचारते, काही आणायचंय का. काही नाही आई, सगळं आहे, बसा तुम्ही. मग ती मला परत अडकवते.

माझ्या तळाशी ती बरणी आहे, योनिदाची. धुऊन, पुसून, झाकण लावून ठेवलेली. थिमीच्या ओळखीचे लोक कोर्चाला जात-येत असतात, सहज पोचवतील. तो विचारतो, देऊ का पाठवून? पोलिक्सेनी नकारार्थी मान हलवते.

"रिकामी कशी पाठवू?" म्हणते. "मला दुकानात तर नेऊन आण."

त्याला वेळ होत नाही. तीही दुसऱ्यांदा म्हणत नाही.

तुमच्याही दारामागे कुणाची पिशवी असेल. मी हात जोडले असते, पण मला हात नाहीत, बंद आहेत. ती काढा आणि नेऊन द्या. इस्त्री करू नका, काही रांधू नका. उतरून जा, दार वाजवा आणि तशीच द्या.

आमचं मात्र आता कोण ऐकणार? ती कोट काढून ठेवते. बरणी माझ्यात एकदा किणकिणते आणि गप्प होते.